मोटारीचा पवित्रा

कोल्हापूर म्हटलें कीं कुस्ती, चपला आणि तांबडा-पांढरा रस्सा हीं नांवें परगांवच्या पाहुण्याच्या ओठीं येतात. यांपैकीं शेवटच्या पदार्थाविषयीं आम्हीं अधिकारवाणीनें बोलणें शोभणार नाहीं. परंतु या यादींत मोटारीचें नांव कां नसावें, हें कोडें आम्हांस नेहमीं पडतें. दसऱ्याच्या सीमोल्लंघनास छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकांत येते, तेव्हां तिला पाहण्यास जमणारी गर्दी कांहीं केवळ सोनें लुटावयास आलेली नसते. शिवाजी उद्यमनगरांतील लेथ आणि शिरोलीच्या ओतशाळा यांवर या शहराचा संसार चालतो. मोहित्यांच्या येथील मार्गावर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत, आणि याच गांवचे कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री शर्यतींत उतरलेले आहेत. अशा गांवांत आमच्या पुतण्यास मोटार पळविण्याची हौस उत्पन्न झाली, यांत त्याचा एकट्याचा दोष आम्ही मानीत नाहीं.

त्याला ज्या खेळांत उतरावयाचें होतें त्यास ऑटोक्रॉस म्हणतात. मोकळ्या मैदानावर खुणा रोवून वळणावळणाचा मार्ग आंखावयाचा आणि त्यावरून स्पर्धकांनीं आपापल्या वेळीं, घड्याळाशीं झुंजत, गाडी न्यावयाची. अमेरिकेंत हा खेळ बहुधा डांबरी पटांगणावर नारिंगी शंकू मांडून खेळतात. आपल्याकडे तो प्रायः मातीवर होतो. वेग फारसा वाढूं शकत नाहीं, कारण एक वळण संपतें न संपतें तोंच दुसरें समोर उभें असतें. म्हणून येथें इंजिनाच्या बळापेक्षां गाडीच्या खालच्या बांधणीची, म्हणजे स्प्रिंगा, शॉकअब्सॉर्बर आणि चाकांची बैठक यांची परीक्षा अधिक होते.

घरांतील गाडी म्हणजे जुनी स्विफ्ट. २००५ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या पहिल्या पिढीची. आठवड्यांतून एकदां ती आमच्या मातुःश्रींना नरसोबाच्या वाडीस नेते, हें लक्षांत ठेवावें. चिरंजीवांनीं कोठेंतरी पाहिलें होतें कीं शर्यतीची गाडी जमिनीला टेकलेली असते; तेव्हां चारी स्प्रिंगांचे दोन दोन वेढे कापून टाकण्याचा त्यांचा बेत ठरला. वहिनींनीं हें ऐकून आमच्याकडे धांव घेतली. मुलाला अजीबात अडवा असें त्यांचें म्हणणें नव्हतें. "भावोजी, तो जाणार तर आहेच, निदान गाडी उलटणार नाहीं एवढें बघा," एवढेंच त्या म्हणाल्या.

उद्यमनगरांतील आमच्या परिचयाचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांच्यापुढें बेत मांडतांच ते हंसले. "अवो काका, स्प्रिंग कापली तर गाडी खाली येती, पण चाक जमिनीला चिकटत न्हाई. चाक चिकटाय पायजे." पुढें त्यांनीं जें सांगितलें त्याचा हिशेब आम्हीं घरीं कागदावर करून पाहिला. स्प्रिंगेचा ताठरपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणांत असतो. काम करणारे आठ वेढे असतील आणि त्यांतील दोन काढले, तर ताठरपणा एक-तृतीयांशानें वाढतो. शिवाय चाकाची वर-खाली होण्याची जागा घटते, आणि मातींतील पहिल्याच खड्ड्यांत गाडी रबरी ठोकळ्यावर आदळून चाक उडी मारतें. उलट, गाडी उचलली गेली तर कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकींतून सुटण्याची भीति. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलमही कारखानदाराच्या मूळ रचनेंत असे फेरफार करण्याच्या आड येतें. तात्पर्य, करवत कपाटांत गेली.

मग वळणावर होतें तरी काय? गाडी वळली कीं तिचें वजन आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतें. हजार किलो वजनाची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, दोन चाकांतील अंतर दीड मीटर, आणि वळणाचा जोर गुरुत्वाच्या निम्मा धरला, तर सुमारें १६७ किलो ओझें एका बाजूकडून दुसरीकडे जातें. स्प्रिंगा कितीही ताठ केल्या तरी हा आंकडा जवळजवळ बदलत नाहीं, हें कळलें तेव्हां चिरंजीव क्षणभर गप्पच झाले. गाडी कमी झुकते, एवढेंच. आपल्या हातांत असतें तें हें कीं, या ओझ्याचा अधिक वाटा पुढच्या जोडीनें उचलावा कीं मागच्या.

खासबागेंत कुस्ती पाहिलेल्या वाचकांस हें चटकन् उमगेल. पैलवान गुडघे वांकवून, बूड खालीं ठेवून उभा असतो. पण सगळा भार पुढच्या पायावर टाकला तर तो पाय हलवितां येत नाहीं. स्विफ्टसारख्या गाडीस पुढच्याच चाकांनीं ओढावयाचें आणि पुढच्याच चाकांनीं वळावयाचें. त्यांच्यावर भार एकांगी पडला कीं तीं घसरतात आणि गाडीचें नाक वळणाबाहेर जातें. त्यावर उपाय मागची जोडी किंचित् ताठ करण्याचा. तसें केल्यास जोराच्या वळणांत मागचें आंतलें चाक कधीं कधीं जमीन सोडतें. कुत्र्यानें पाय उचलावा तसें तें दिसतें, पण त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं.

मूळच्या स्प्रिंगा आम्हीं तशाच ठेवल्या. मातीला मऊपणा आणि चाकाला हालचाल हवी. कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेसारख्या डांबरी मार्गावर गाडी न्यावयाची असती तर गोष्ट निराळी होती. खर्च केला तो शॉकअब्सॉर्बरवर. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला कीं गाडीनें एकदां वर येऊन स्थिर व्हावें. आमची तीन वेळां डोलत होती. स्प्रिंग ओझें पेलते, पण तिचें हेलकावणें थांबविणें हें या नळीचें काम. ती थकली असेल तर बाकीची सारी मांडणी वायां जाते, आणि तें रस्त्यावरच्या गाडीसही तितकेंच लागू आहे.

चाकांची बैठक आम्हीं गवंड्याचा ओळंबा आणि सुतळी यांनीं मापली. चौदा इंची रिमेच्या वरच्या व खालच्या कडांत सहा मिलिमीटरांचा फरक म्हणजे सुमारें एक अंश. पुढचीं चाकें डोक्याशीं एवढीं आंत कलतीं केलीं, म्हणजे गाडी झुकल्यावर बाहेरचें चाक जमिनीवर सपाट बसतें. गाडीच्या दोहों बाजूंस समांतर सुतळी ताणून पुढचीं चाकें समोरच्या अंगास एखाद-दोन मिलिमीटर बाहेर फांकविलीं. त्यानें वळण्याची सुरवात चपळ होते. हें सारें एका रविवारीं अंगणांत झालें, आणि ओळंब्याची दोरी धरण्याचें काम मातुःश्रींनीं हौसेनें केलें.

पुढील कबुली देणें आम्हांस भाग आहे. सरावाच्या दिवशीं सकाळीं गडबडींत आम्हीं एकदम तीन बदल केले: पुढच्या टायरांतील हवा २८ वर आणली, मागची ३६ वर नेली, आणि शॉकअब्सॉर्बरही ताठ केले. तिसऱ्या वळणावर गाडीचें मागचें अंग असें सुटलें कीं ती भोंवऱ्यासारखी फिरून ज्या दिशेनें आली होती तिकडेच तोंड करून उभी राहिली. चाकें मुरुमांत रुतलीं नाहींत म्हणून ती कुशीवर गेली नाहीं. शिरस्त्राण आणि पट्टे होते; मुलाला ओरखडाही आला नाहीं. परंतु वहिनी दोरापलीकडे उभ्या होत्या, आणि त्यांनीं आमच्याकडे जें पाहिलें तें आम्हीं अद्याप विसरलों नाहीं. त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही कीं, तिन्हींपैकीं दोष कोणत्या बदलाचा हें आम्हांस सांगतां येईना.

तेव्हांपासून एक वही केली. एका वेळीं एकच बदल, मग दोन फेऱ्या, मग नोंद. प्रथम मागची हवा ३२ वर आणली. गाडी शहाणी झाली. मग शॉकअब्सॉर्बर दोन खांचा सैल केले. खडबडीत पट्ट्यावरील उड्या थांबल्या. सकाळीं एकाहत्तर सेकंदांची असलेली फेरी दुपारपर्यंत सदुसष्टांवर आली, आणि इंजिनास कोणीं हातही लावला नव्हता. शर्यतीच्या दिवशीं चिरंजीवांचा क्रमांक अकरावा लागला. पहिला आलेला गृहस्थ त्यांच्याहून सहा सेकंदांनीं पुढें होता. त्याची वही आमच्या वहीच्या तिप्पट जाड असल्याचें पुतण्यानें घरीं येऊन सांगितलें.

मंगळवारीं मातुःश्री वाडीस गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, गाडी आतां डोलत नाहीं हें बरें झालें, पण सरळ रस्त्यावर ती इकडे तिकडे नाक खुपसते. त्यांचें निरीक्षण अचूक होतें. फांकविलेलीं चाकें पुन्हा सरळ करावयाचीं राहून गेलीं होतीं. येत्या रविवारीं ओळंबा आणि सुतळी पुन्हा काढावयाची आहे, आणि दोरी कोण धरणार हें ठरलेलेंच आहे.