एका हाताने सोडविलेले कोडे

भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घेऊन सावकाश चावीत राहिले, की थोड्या वेळाने तो किंचित गोड लागू लागतो. भाकरीत साखर तर घातलेली नसते! मग ही गोडी येते कोठून? आपल्या लाळेत एक पदार्थ असतो. तो पिठातील स्टार्च फोडून त्याची साखर करतो. अशा पदार्थांना मराठीत विकर आणि इंग्रजीत एन्झाइम म्हणतात. अन्नाचे पचन, श्वासोच्छ्वास, जखम भरून येणे ही सारी कामे विकरांच्या बळावर चालतात. कपडे धुण्याच्या काही पावडरींतही डाग काढण्यासाठी विकरे घातलेली असतात.

विकराचा मोठा गुण असा, की ते काम करते पण स्वतः खर्ची पडत नाही. आमच्यासारख्या कारकुनाला हे चटकन पटते. कचेरीतला रबरी शिक्का हजार कागदांवर उमटतो, तरी शिक्का तो शिक्काच राहतो. विकराचेही तसेच आहे.

पण हे विकर मुळात असते तरी काय? सुमारे शंभर वर्षांपूर्वी जगातल्या नामवंत शास्त्रज्ञांनाही याचे उत्तर ठाऊक नव्हते. ते ज्याने शोधले, त्याला या क्षेत्रात पाऊल टाकण्याआधीच “हे तुझे काम नव्हे” असे सांगण्यात आले होते. त्या माणसाची ओळख आमच्या वाचकांना, विशेषतः शिकणाऱ्या मुलामुलींना व्हावी, म्हणून हा लेख.

जेम्स समनर यांचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. सतराव्या वर्षी शिकारीला गेले असता सोबत्याच्या बंदुकीची गोळी चुकून त्यांच्या डाव्या हाताला लागली आणि तो हात कोपराखाली कापावा लागला. दुर्दैव असे, की ते डावखुरे होते. लिहिण्यापासून सगळी कामे उजव्या हाताने नव्याने शिकावी लागली. ती त्यांनी शिकून घेतली. एवढेच नव्हे, तर एका हाताने ते उत्तम टेनिसही खेळू लागले.

१९१२ साली जीवरसायनशास्त्र शिकण्यासाठी ते हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात ओटो फोलिन या प्राध्यापकांकडे गेले. एका हाताच्या माणसाला रसायनशास्त्र कधीच जमणार नाही, त्यापेक्षा वकिली शिका, असा सल्ला फोलिन यांनी दिला. सल्ला कदाचित भल्यासाठीच असेल. समनर यांनी तो मानला नाही. त्यांनी फोलिन यांच्याच हाताखाली अभ्यास केला आणि १९१४ साली पीएच.डी. पदवी मिळविली.

त्याच वर्षी ते न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात शिकवू लागले. शिकविण्याचा भार मोठा, साधने अपुरी आणि पैसाही थोडा. अशा स्थितीत १९१७ साली त्यांनी एक विकर शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्याचे ठरविले. ते विकर म्हणजे युरिएज.

युरिएजची ओळख आपल्या नाकाला रोजचीच आहे. सार्वजनिक मुतारीत शिरताच डोळ्यांना झोंबणारा वास येतो, तो अमोनियाचा. मूत्रात युरिया असतो. तेथील जंतूंमधले युरिएज तो फोडते आणि अमोनिया सुटतो. नुसत्या पाण्यात ठेवलेला युरिया साध्या तापमानाला निम्मा मोडायला चाळीसेक वर्षे लागतात. युरिएजचा एक रेणू मात्र सेकंदाला युरियाचे हजारो रेणू मोडून मोकळा होतो. विकराची करामत ती हीच!

आपल्याकडच्या अबईच्या शेंगेच्या जातीची जॅक बीन नावाची एक शेंग आहे. तिच्या दाण्यांत युरिएज भरपूर असते. समनर यांनी त्या दाण्यांचे पीठ घेऊन काम सुरू केले. वर्षामागून वर्षे गेली. १९२१ साली बेल्जियममध्ये एका संशोधकाकडे जाऊन काम करण्याचा त्यांचा बेत होता. पण युरिएज वेगळे काढण्याची कल्पनाच त्या संशोधकाला हास्यास्पद वाटली आणि बेत बारगळला. प्रयोगशाळेत बर्फाची पेटीदेखील नव्हती. द्रावणाची नळकांडी खिडकीच्या कठड्यावर ठेवायची आणि रात्री थंडी पडो म्हणून वाट पाहायची, असा मामला होता.

नऊ वर्षे अशी गेली. १९२६ साली त्यांनी अल्कोहोलऐवजी पातळ केलेले अ‍ॅसिटोन वापरून पाहिले. गाळलेले द्रावण रात्रभर थंडीत ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तो काय! बारीक बारीक स्फटिक चमकत होते. ते पाण्यात विरघळविले, तर त्या पाण्यात युरिया फोडण्याची प्रचंड शक्ती दिसली. तपासणीत ते स्फटिक प्रथिनाचे निघाले. म्हणजे विकर हे प्रथिन असते! डाळ, अंडी, मांस यांतून जे प्रथिन आपण खातो, त्याच कुळातले. जगात प्रथमच एक विकर स्फटिकाच्या रूपात हाती आले होते.

तरीही जगाने लगेच मान डोलावली नाही. जर्मनीतील रिचर्ड विलस्टेटर हे १९१५ सालचे नोबेल विजेते. विकर हे प्रथिन नव्हेच, प्रथिन केवळ त्याचे वाहन आहे, असे त्यांचे मत. विलस्टेटर काही हलके गृहस्थ नव्हते. ज्यूंबद्दलच्या द्वेषाच्या निषेधार्थ १९२४ साली त्यांनी म्युनिकमधील प्राध्यापकपद सोडले होते. परंतु विज्ञानात माणसाच्या थोरवीवर निकाल लागत नाही, पुराव्यावर लागतो. १९३० साली अमेरिकेतील जॉन नॉर्थ्रॉप यांनी जठरातील पेप्सिन या विकराचे स्फटिक मिळविले. तेही प्रथिनच निघाले. हळूहळू विरोध मावळला. १९४६ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा समनर यांना मिळाला आणि उरलेला अर्धा नॉर्थ्रॉप व वेंडेल स्टॅनली यांना.

आता पुढचा प्रश्न. विकर काम कसे करते? १९७५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना जॅक बीनच्या युरिएजमध्ये निकेल हा धातू सापडला. १९९५ साली एका जंतूच्या युरिएजची संपूर्ण रचना क्ष-किरणांच्या साह्याने उलगडली आणि तीही समनर यांच्याच कॉर्नेलमध्ये. या रचनेत एक खोल खळगा असतो आणि त्याच्या तळाशी निकेलचे दोन अणू अगदी जवळजवळ बसलेले असतात. युरियाचा रेणू आत शिरला की निकेल त्याला धरून ठेवते. पाण्यापासून आलेला एक भाग त्याच्या मधल्या कार्बनला नेमका जाऊन भिडतो. खळग्याच्या तोंडाशी हलणारी झडपही असते. अमोनिया सुटतो, उरलेला तुकडा आपोआप मोडतो आणि खळगा पुढच्या रेणूसाठी मोकळा होतो.

समनर यांनी ज्या दाण्यांतून स्फटिक काढले, त्या जॅक बीनच्या युरिएजची रचना मात्र २०१० साली उलगडली. कोठे? आपल्याच देशात, मद्रास विद्यापीठात! बालसुब्रमणियन आणि पोन्नुराज या दोघांनी ती प्रसिद्ध केली. ८४० घटकांची एक साखळी आणि अशा सहा साखळ्यांचा मिळून हा एक रेणू. पहिल्या स्फटिकापासून येथवर यायला ८४ वर्षे लागली.

याचा गोरगरिबाला काय उपयोग, असे कोणी विचारील. जठरात अल्सर करणारा एक जंतू युरिएजच्या जोरावर अमोनिया तयार करून पोटातील आम्लात तग धरतो. दुर्बिणीने पोटातला कणभर तुकडा काढून युरिया असलेल्या औषधात टाकतात. रंग पालटला की जंतू सापडला. मग ठराविक दिवसांच्या औषधांनी आजार बरा होऊ शकतो. शेतात टाकलेला युरिया उघडा राहिला तर मातीतले युरिएज त्याचा अमोनिया करून हवेत उडविते. म्हणून खत मातीआड करावे, किंवा लगेच पाणी द्यावे.

आता पालकांना एक विनंती. दहावीनंतर मूल विज्ञान शाखेचे नाव काढते, तेव्हा “आपल्याला ते झेपायचे नाही” हे वाक्य शेजारी, नातेवाईक, कधी शिक्षकही बोलतात. फी, पुस्तके, शिकवणी यांची अडचण खरी आहे. तिच्यासाठी शिष्यवृत्तीची चौकशी करावी, वाचनालय गाठावे, वस्तीतल्या शिकलेल्यांनी संध्याकाळी तासभर द्यावा. पण मुलाची कुवत दुसऱ्याने आधीच ठरवून टाकू नये. ती ठरविण्याचा अधिकार त्याच्या मेहनतीला असू द्या.