जन्माने वाईट कोणी नसते, हे खेळालाही शिकावे लागले!

मागच्या महिन्यात आकुर्डीला एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी आम्ही बसलो होतो. त्यांचा मुलगा हिंजवडीत संगणकाची नोकरी करतो. रविवार होता. आतल्या खोलीत चार-पाच मित्र, कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचा फासा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात आणि फासा टाकून पुढे काय घडले ते ठरवतात. बापाने कपाळाला हात लावला. "मोर्चाला यायला वेळ नाही, पण राक्षसांशी लढायला आहे!" मुलगा म्हणाला, "बाबा, या खेळात काही जमाती जन्मतःच दुष्ट होत्या. लोकांनी जाब विचारला, म्हणून ते बदलावे लागले."

आम्ही सावरून बसलो. हा तर आपलाच विषय!

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा तो खेळ. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तो प्रसिद्ध केला. त्यातले काल्पनिक जग माणूस, एल्फ, ड्वार्फ, ऑर्क अशा 'वंशां'त विभागलेले होते. ऑर्क म्हटला की तो क्रूर, हे ठरलेले. १९७८ च्या नियमपुस्तकात तर माणसाखेरीज इतर वंशांनी बहुतेक पेशांत कोणत्या पायरीपर्यंत चढायचे याचीही हद्द आखलेली होती. २००० सालच्या आवृत्तीत ती हद्द गेली, पण अर्ध्या ऑर्काची बुद्धी जन्मतःच दोन गुणांनी कमी धरली गेली. १९७७ च्या पुस्तकात आपल्या पुराणांतला राक्षसही जाऊन बसला होता, अर्थातच दुष्ट म्हणून! जन्मावरून गुण, जन्मावरून पायरी. ही व्यवस्था कोणाला ओळखीची वाटत नाही?

मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाने गुडघ्याखाली जीव घेतला आणि अमेरिका पेटून उठली. त्या वातावरणात जूनमध्ये कंपनीने कबूल केले की, खऱ्या जगात ज्या समाजांची बदनामी होत आली त्याच धर्तीवर आपण ऑर्कांचे चित्र रंगवले होते. तरीही जुनी सवय सुटली नाही. १९८९ चे 'स्पेलजॅमर' हे जुने जग २०२२ मध्ये नव्याने काढले, तेव्हा हॅडोझी नावाच्या माकडसदृश जमातीला पूर्वेतिहास दिला तो गुलामीचा. आणि तिला सोडवणारे कोण, तर गुलाम करणाऱ्या जादूगाराचेच शिष्य! खेळाडूंनी झोडपून काढल्यावर सप्टेंबरमध्ये कंपनीने माफी मागितली आणि तो मजकूर काढला. गुलामाने स्वतःच्या मनगटाने बेडी तोडली, असे लिहायला लेखणी का धजली नाही, हा आमचा प्रश्न आहे.

२०२४ च्या नव्या पुस्तकात 'वंश' हा शब्द गेला, 'प्रजाती' आला. ऑर्क आता कोणालाही घेता येईल असे सरळ पात्र झाले. हे स्वागतार्हच. परंतु पाटी बदलली म्हणून दुकान बदलले काय? १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी गुणकर्मावर चातुर्वर्ण्य उभे करू पाहणाऱ्यांना बजावले होते की, जुनी नावे राहतील तोवर जुनी उच्चनीचताही राहील. नाव बदलणे आवश्यकच. पण बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. जातीच्या मुळाशी असलेल्या शास्त्रप्रामाण्यावर त्यांनी घाव घातला आणि आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. इकडे नव्या पुस्तकातून मिश्र संततीची दोन्ही पात्रे, अर्धा एल्फ आणि अर्धा ऑर्क, वगळली गेली. भिंत पाडायची म्हणून निघाले आणि भिंतीवरून उडी मारलेल्यांची पोरेच यादीतून बाद केली!

आणखी एक गंमत पाहा. गुणांची वाढ आता जन्मावर नाही, पात्राच्या पूर्वीच्या धंद्यावर ठरते. लेखनिकाच्या वाट्याला बुद्धी आहे. शेतकऱ्याच्या वाट्याला बळ, काटकपणा आणि शहाणपण आहे, बुद्धी मात्र नाही. खेळ चालवणाऱ्याला यात बदल करण्याची मुभा दिली आहे, हे खरे. पण धंद्याला गुण चिकटवले की काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? चाकणला खोली भाड्याने मागायला गेलेल्या कंत्राटी कामगाराला जात थेट विचारत नाहीत, आडनाव विचारतात. शब्द बदलला, प्रश्न तोच.

जुने जग नव्याने कसे मांडायचे, हे आपल्याला परक्यांकडून शिकण्याचे कारण नाही. १८७३ साली 'गुलामगिरी'त महात्मा फुल्यांनी पुराणांतल्या दैत्यांना आणि बळीराजाला आपले पूर्वज म्हटले. त्यांनी पात्रे पुसली नाहीत, नायक कोण ते बदलले. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात नवा आशय भरला. पुढे भीमराव कर्डकांच्या जलशाने तोच साचा आंबेडकरी विचारांच्या कामी लावला. रात्रभर बसलेली माणसे सकाळी सभेला गेली. आणि आकुर्डीहून हाकेच्या अंतरावर, तुकोबांच्या देहूजवळच्या देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. जुन्या भूमीवर नवा नकाशा काढतात तो असा.

म्हणून त्या मुलांना आमचे सांगणे आहे. जानेवारी २०२३ मध्ये, परवान्याच्या अटी बदलण्याच्या बेतावरून खेळाडू खवळल्यावर, कंपनीने या खेळाचे मूळ नियम सर्वांना वापरासाठी खुले केले आहेत. कोणाची परवानगी नको. मग पवना-इंद्रायणीच्या काठचे जग तुम्हीच रचा. तिथे बळीराजा असू द्या, पाणवठा अडवणारे असू द्या आणि तो खुला करणारेही असू द्या. अन्याय नकाशावरून पुसू नका, कारण तो पुसला तर लढणाऱ्यांची नावेही पुसली जातात. फक्त कोणाच्याही कपाळावर जन्माचा शिक्का मारू नका.

आणि खेळ आटोपला की एखादा रविवार मोर्चालाही द्या. तिथे फासा नसतो, पण डाव खरा असतो.