सेंट अँड्र्यूजचं गायरान

रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट अँड्र्यूजमधली माणसं त्या दिवशी कुत्री घेऊन या मैदानात हिंडतात, पोरंबाळं बागडतात, कुणी फेअरवे, म्हणजे खेळाची हिरवळीची पट्टी, ओलांडून सरळ वेस्ट सँड्सच्या पुळणीकडे निघतं. ओपन चॅम्पियनशिपसारखी मोठी स्पर्धा असेल तरच हा शिरस्ता मोडतो. आणि याच मैदानावर एक फेरी खेळायला 2025 च्या ऐन हंगामात पाहुण्या खेळाडूला 340 पौंड, म्हणजे 40 हजार रुपयांच्या आसपास, मोजावे लागत होते.

खेळायला इतकं महाग आणि फिरायला फुकट, याचं कारण एकच. ही जमीन गावाची आहे. आपल्याकडे गायरान असतं, तसंच हे समुद्रकाठचं वाळूचं, शेतीला निरुपयोगी माळरान. समोरच्या दगडी इमारतीतला रॉयल अँड एन्शंट क्लब जगभर मोठा मानला जातो, पण मैदानाची मालकी त्याच्याकडे नाही. 1552 साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी या माळावर ससे पाळण्याची परवानगी घेतली आणि त्याच सनदेत गावकऱ्यांचा इथे गोल्फ खेळण्याचा हक्क मान्य केला.

पुढे सशांनीच घात केला. 1797 मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने माळ हातचा घालवला आणि तो सशांचा व्यापार करणाऱ्यांकडे गेला. बिळांनी मैदानाची चाळण झाली. गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात कोर्टकज्जे झाले, हाणामाऱ्याही झाल्या. 1821 मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने जमीन विकत घेऊन गोल्फ वाचवला. 1894 च्या कायद्याने ती पुन्हा गावाकडे आली. 1974 पासून एक सार्वजनिक न्यास ओल्ड कोर्ससह इथली सगळी मैदानं चालवतो.

म्हणून इथे खेळायला कुणाची ओळख लागत नाही, क्लबचं सभासदत्व लागत नाही. हँडिकॅपचा, म्हणजे खेळाच्या पातळीचा, दाखला दाखवायचा आणि दोन दिवस आधी सोडतीत नाव घालायचं. नाव निघालं तर खेळायचं, नाही तर उद्या पुन्हा. सोडतीसाठी किमान दोघं लागतात. एकट्याने आलेले लोक पूर्वी रात्रभर दारात रांग लावून बसायचे, थंडीवाऱ्यात कुडकुडत. 2024 पासून त्यांचीही आदल्या दिवशी सोडत निघते. गावच्या रहिवाशांना मात्र वर्षभराचा पास अगदी माफक दरात मिळतो, आणि खेळाच्या काही वेळा त्यांच्यासाठी राखूनही ठेवलेल्या असतात. परदेशी पाहुण्याच्या पैशातून गावच्या मैदानाची निगा राखली जाते, हा व्यवहार मोठा न्याय्य आहे.

पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागी, उभं राहिल्यावर समोरची हिरवळ पाहून नवखा चक्रावतो. पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे एकच, प्रचंड रुंद, आणि त्याच्या मधून ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा चक्क सार्वजनिक रस्ता जातो. मोटार किंवा पायी माणूस आला की खेळणाऱ्याने थांबायचं. पाठीमागे क्लबच्या खिडक्या, बाजूला रस्त्याच्या कठड्याला टेकून उभे असलेले बघे. जगातला हा सगळ्यात रुंद फेअरवे असेल, तरी पहिल्या शॉटला हात थरथरतात.

इथे गाडी मिळत नाही, सगळी फेरी पायी. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. त्यांची गरज पडते, कारण सात ग्रीन जोडीच्या आहेत: एकाच हिरवळीवर जाणाऱ्यांचा एक खळगा आणि येणाऱ्यांचा दुसरा. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, चौथा आणि चौदावा... प्रत्येक जोडीची बेरीज अठरा. ही काही वास्तुकाराची करामत नाही. मैदान इतकं अरुंद होतं की ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने, त्याच खळग्यांवर परत यावं लागे. गर्दी वाढली तेव्हा ग्रीन रुंदावून दुसरा खळगा केला. अठरा हा आकडाही इथलाच. 1764 पर्यंत फेरी बावीस होलची होती. सुरुवातीचे चार होल फार छोटे वाटले म्हणून त्यांचे दोन केले, जातायेता मिळून चार कमी झाले, आणि कालांतराने सगळ्या जगाने तोच आकडा उचलला.

मैदानाला आजचं रूप देण्यात मोठा वाटा गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस यांचा. तरुणपणी ते ॲलन रॉबर्टसन यांच्या हाताखाली पिसं भरलेले चामड्याचे चेंडू बनवत. 1840 च्या दशकात गटापर्चाचे, म्हणजे झाडाच्या वाळलेल्या चिकाचे, स्वस्त चेंडू आले. त्याबद्दल इथे एक दंतकथा सांगतात: भारतातून एका धर्मोपदेशकाच्या घरी विष्णूची मूर्ती आली, तिच्याभोवती गटापर्चाचा चुरा भरलेला होता, आणि त्यातून पहिला चेंडू वळला गेला. मूर्तीचं खरं-खोटं काहीही असो, चेंडूने मात्र दोन मित्रांत फूट पाडली. टॉम नव्या चेंडूने खेळताना दिसले, रॉबर्टसन यांचा धंदा बसणार होता; दोघांचं बिनसलं आणि टॉम 1851 मध्ये प्रेस्टविकला निघून गेले. 1860 च्या दशकात रॉयल अँड एन्शंट क्लबने त्यांना सन्मानाने परत बोलावलं.

इथल्या 112 बंकरपैकी, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांपैकी, कित्येक टीवरून दिसतच नाहीत. चांगला मारलेला चेंडू उंचवट्याआड गडप होतो आणि तिथे गेल्यावर तो माणूसभर खोल वाळूत सापडतो. इथे कॅडीचा, म्हणजे सोबतच्या मदतनिसाचा, शब्द मानावा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. चौदाव्या होलवरच्या ‘हेल’ बंकरमधून बाहेर पडायला 1995 च्या ओपनमध्ये खुद्द जॅक निकलॉस यांच्यासारख्या दिग्गज खेळाडूला चार फटके लागले, होलवर दहा झाले. अमेरिकेचे खेळाडू बॉबी जोन्स यांनी 1921 मध्ये अकराव्या होलच्या वाळूत वैतागून फेरीच सोडून दिली होती. मग त्यांना या मैदानाने वेड लावलं. 1927 ची ओपन त्यांनी इथेच जिंकली, आणि 1958 मध्ये आजाराने पाय अधू झाले असताना गावाने त्यांना मानाचं नागरिकत्व दिलं. याउलट टायगर वुड्स यांनी 2000 साली चार दिवसांत एकाही बंकरमध्ये चेंडू जाऊ दिला नाही आणि 19 अंडर पारने, म्हणजे ठरलेल्यापेक्षा 19 फटके कमी घेऊन, जिंकले. या मैदानावर त्याहून शिस्तशीर खेळ झाला असेल असं वाटत नाही.

सतराव्या होलवर मात्र सगळ्यांचाच कस लागतो. टीसमोर शेजारच्या हॉटेलच्या शेड, पूर्वी इथे रेल्वेच्या शेड होत्या त्यांच्या आकाराच्या. चेंडू त्यांच्यावरून, भिंतीवर लिहिलेल्या नावाचं एखादं अक्षर धरून मारायचा. पलीकडे तो कुठे पडला ते दिसत नाही. पुढे ग्रीन अरुंद, आडवी. अलीकडे छोटासा, उभ्या भिंतीचा रोड बंकर. पलीकडे डांबरी रस्ता आणि दगडी कुंपण. चेंडू रस्त्यावर गेला तर रस्त्यावरूनच मारायचा, सवलत नाही. 1978 च्या ओपनमध्ये आघाडीच्या आसपास असलेले जपानचे त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचले होते. पटरने हलकेच ढकललेला चेंडू उतारावरून वळला आणि त्या बंकरमध्ये गेला. होल संपला तेव्हा नऊ झाले होते.

अठराव्या होलवर ओहोळावरचा स्विल्कन पूल लागतो. मेंढपाळांनी वापरलेला, शेकडो वर्षं जुना, जेमतेम काही पावलांचा दगडी पूल. त्यावर उभं राहून फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, आणि त्यामुळे पायथ्याचं गवत सारखं मरतं. 2023 च्या फेब्रुवारीत न्यासाने तिथे दगडी फरशी बसवली. गावकरी, जुने खेळाडू, जगभरचे गोल्फप्रेमी यांनी असा काही गलका केला की न्यासाने काही दिवसांतच सगळी फरशी उखडली आणि तिथे पुन्हा गवत लावलं.