बाळाचें औषध आणि त्रैराशिक

लेंकराला ताप भरला कीं नवी मुंबईंत, वाशी-नेरूळच्या सुशिक्षित घरांतूनही चहाचा चमचाच पुढें येतो. मात्रा मात्र चमच्यावर नव्हे, बालकाच्या वजनावर ठरते. पॅरासिटामॉल डॉक्टर दर किलोस एका वेळीं सुमारें १५ मिलिग्रॅम देतात. १० किलोच्या बालकास १५०. बाटलीवर ‘५ मिलिलिटरांत १२५’ असें छापलेलें असल्यास १५० ला १२५ नें भागून ५ नें गुणावें. उत्तर ६ मिलिलिटर. हें शाळेंतलें त्रैराशिकच! ‘५ मिलिलिटरांत २५०’ असल्यास तेंच माप ३ होतें.

खरा घात थेंबांच्या इवल्याशा बाटलींत. तींत बहुधा एकाच मिलिलिटरांत १०० मिलिग्रॅम असतात. तेथें दीड मिलिलिटर पुरे. सवयीनें ६ दिल्यास मात्रा चौपट, आणि वारंवार घडल्यास घाला यकृतावर. म्हणून परिचारिका प्रथम लेबल वाचते, मगच बिनसुईची पिचकारी हातीं घेते.