नाव एकाकडे, खेळ दुसऱ्याकडे

‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ आणि त्यातूनच पुढे आलेली ‘फुटबॉल मॅनेजर’ ही फुटबॉलची अशी गेम-मालिका आहे, जिच्यात खेळणारा स्वतः चेंडूला पाय लावत नाही. तो क्लबचा मॅनेजर असतो. खेळाडू विकत घ्यायचे, अकरा जण निवडायचे, डावपेच ठरवायचे आणि मग सामन्याचे काय होते ते पाहायचे, एवढेच त्याच्या हाती. ‘फिफा’ मालिकेची नवी आवृत्ती आली की आधी चित्र बदललेले दिसे. इथे पहिली दहा वर्षे पडद्यावर पाहण्यासारखे फारसे काही नव्हते. दर आवृत्तीत बदलत होती ती माहिती: किती देश, किती क्लब, किती खेळाडू आणि प्रत्येकाबद्दल किती आकडे.

मालिकेची सुरुवात इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या एका घरात झाली. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांना बाजारातले मॅनेजर-गेम उथळ वाटत होते. त्यांनी आपल्या खोलीत बसून बेसिक या संगणकीय भाषेत स्वतःचा गेम लिहिला आणि प्रकाशकांकडे पाठवला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तो नाकारला. मैदानावरची हालचाल दिसत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. अखेर डोमार्क या प्रकाशकाने 1992मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ अमिगा आणि अटारी एसटी या संगणकांसाठी बाजारात आणला. त्यात क्लब खरे होते, खेळाडूंची नावे मात्र संगणकाने जुळवलेली. सामना म्हणजे पडद्यावर उमटणारी वाक्ये. पुढच्याच वर्षी भावांनी सारा गेम सी भाषेत नव्याने लिहिला आणि ‘चॅम्पियनशिप मॅनेजर 93’मध्ये खऱ्या खेळाडूंची नावे आली. मालिकेतला पहिला मोठा बदल हाच. नाव खरे झाले की त्यामागचा आकडाही खरा असावा लागतो, आणि ती जबाबदारी त्यानंतर कधीच संपली नाही.

पुढचा टप्पा भराभर गेला. 1994मध्ये कॉलियर बंधूंची स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ही कंपनी स्थापन झाली. 1995च्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर 2’मध्ये पार्श्वभूमीला छायाचित्रे आणि क्लाइव्ह टिल्डस्ली यांच्या आवाजातले समालोचन आले. ‘97/98’ आवृत्तीत नऊ देशांच्या लीग होत्या. 1999च्या तिसऱ्या पिढीत पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त देशांच्या लीग एकाच वेळी चालू लागल्या. तोवर डोमार्क आयडॉस या कंपनीत विलीन झाली होती.

या काळात मालिकेचे खरे काम कंपनीबाहेर चालले होते. प्रत्येक देशासाठी एक मुख्य संशोधक आणि त्याच्या हाताखाली क्लबनिहाय माणसे, अशी रचना उभी राहिली. बहुतेक जण त्या त्या क्लबचे पाठीराखे. दर शनिवारी मैदानावर जाणारे, राखीव संघाचे आणि मुलांचे सामनेही न चुकवणारे. पुढे ही संख्या जगभरात हजारांवर गेली. पासिंग, वेग, हेडिंग, जिद्द, एकाग्रता अशा प्रत्येक गुणासाठी ते 1 ते 20मधला आकडा देत. याशिवाय खेळणाऱ्याला न दिसणारे दोन आकडे असत: खेळाडूची आजची कुवत आणि त्याची कमाल संभाव्य कुवत, दोन्ही 200पैकी. कोवळ्या खेळाडूच्या बाबतीत संशोधक नेमका आकडा न देता एक पल्ला देऊ शकत असे. त्यामुळे तोच मुलगा एका डावात महान होई, तर दुसऱ्यात सामान्य राही.

‘01/02’ आवृत्ती आजही लोकांच्या तोंडी आहे ती या दुसऱ्या आकड्यामुळे. गांबियात जन्मलेला आणि लंडनच्या मिलवॉल क्लबच्या मुलांच्या संघात गोलांचा पाऊस पाडणारा चेर्नो साम्बा तिच्यात जगातला सर्वोत्तम स्ट्रायकर होऊ शकत असे. किन्शासात जन्मून स्वीडनमध्ये वाढलेला डर्बी काउंटीचा टोनटोन झोला मुकोको असाच दुसरा. प्रत्यक्षात साम्बा मिलवॉलच्या पहिल्या संघातून कधी खेळला नाही. स्पेन, फिनलंड, ग्रीस, नॉर्वे असा फिरत त्याने कारकीर्द संपवली. मुकोकोलाही डर्बीच्या पहिल्या संघात संधी मिळाली नाही. संशोधकांचा अंदाज चुकला, असे यावर सहज म्हटले जाते. तो आरोप अन्यायाचा आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलात काय होण्याची शक्यता आहे, एवढेच तो आकडा सांगत होता. दुखापती, फिसकटलेले व्यवहार, घरापासूनची ताटातूट यांचे गणित त्याने कधी मांडलेच नव्हते. प्रत्यक्ष क्लबांचे अनुभवी स्काउटही याच वयाच्या मुलांवर पैसे लावतात आणि अनेकदा निराश होतात.

याच आवृत्तीत टो मदेइरा हा खेळाडू सापडतो. पोर्तुगालच्या खालच्या लीगमधल्या गोव्हेइया या छोट्या क्लबचा हा स्ट्रायकर अत्यंत स्वस्तात मिळे आणि कोणत्याही मोठ्या संघात गोल करत सुटे. जगभरच्या हजारो मॅनेजरांनी त्याला विकत घेतले. पण असा खेळाडू अस्तित्वातच नव्हता. स्थानिक माहिती गोळा करणाऱ्याने तो डेटाबेसमध्ये घुसवला होता. पुढच्या दुरुस्तीत त्याचे नाव काढले गेले. इतकी मोठी रचना शेवटी एकेका माणसाच्या शब्दावर उभी होती, हे या प्रकरणाने लख्ख दाखवले. असे प्रकार क्वचितच घडले, ही त्या बिनचेहऱ्याच्या संशोधकांच्या प्रामाणिकपणाची मोठी पावती आहे.

मार्च 2003मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर 4’ आला. सामना पहिल्यांदाच वरून, मैदानावर फिरणाऱ्या गोल ठिपक्यांच्या रूपात दिसू लागला. विक्री प्रचंड झाली. पण गेम दोषांनी भरलेला होता आणि दुरुस्तीमागून दुरुस्ती काढावी लागली. त्याच वर्षी स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह आणि आयडॉस वेगळे झाले. वाटणी विलक्षण होती. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ हे नाव आयडॉसकडे राहिले. कोड आणि डेटाबेस कॉलियर बंधूंच्या कंपनीकडे गेले. अकरा वर्षे घडवलेले नाव एकाकडे आणि त्या नावामागचा गेम दुसऱ्याकडे, अशी फाळणी गेमच्या इतिहासात क्वचितच इतकी स्वच्छ झाली असेल.

स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हने सेगा या प्रकाशकाशी करार केला आणि नवे नाव म्हणून एक जुनेच नाव मिळवले. ‘फुटबॉल मॅनेजर’ हा केविन टॉम्स यांचा 1982चा गेम. या प्रकाराचा पाया घालणाऱ्यांपैकी तो एक, आणि त्याच्या वेष्टनावर दाढीवाल्या टॉम्स यांचाच चेहरा असे. नव्या संसारातला ‘फुटबॉल मॅनेजर 2005’ नोव्हेंबर 2004मध्ये आला. आयडॉसने ब्युटिफुल गेम स्टुडिओज उभा करून सगळे कोऱ्या पाटीवरून सुरू केले. त्यांचा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर 5’ उशिरा, मार्च 2005मध्ये आला आणि अपुरा निघाला. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर 2010’साठी तर, आगाऊ नोंदणी करणाऱ्याने एका पेनीपासून पुढे हवी ती किंमत द्यावी, असे जाहीर करावे लागले, वर फक्त व्यवहाराचे शुल्क. त्यानंतर संगणकावरची ती मालिका थांबली. खेळणारे कोडच्या आणि माहितीच्या मागे गेले होते. ती माहिती जमवणारी माणसे जिथे होती, तिथेच मालिका जिवंत राहिली.

यानंतरच्या आवृत्त्यांत माहितीची व्याप्ती वाढत गेली तसे तिच्यावरून वादही वाढले. चीनने 2004मध्ये ‘फुटबॉल मॅनेजर 2005’वर बंदी घातली, कारण त्यात तिबेट वेगळा देश म्हणून आला होता. 2020मध्ये मँचेस्टर युनायटेडने आपले नाव वापरल्याबद्दल दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्यानंतर क्लब गेममध्ये संक्षिप्त नावाने दिसू लागला. भारतीय लीगही या मालिकेत आली आणि डेम्पो, चर्चिल ब्रदर्स यांसारखे गोव्याचे क्लब जगातल्या कोणालाही चालवता येऊ लागले.

‘2009’ आवृत्तीत सामना त्रिमितीय झाला. त्याहून महत्त्वाची घटना 2008मध्येच घडली होती: एव्हर्टन क्लबने खेळाडू शोधण्यासाठी हा डेटाबेस वापरण्याचा करार केला. पुढे 2014मध्ये प्रोझोन या विश्लेषण कंपनीनेही तो आपल्या सेवेत घेतला. क्लबांबद्दल गोळा केलेली माहिती आता क्लबांकडेच जाऊ लागली. ‘2017’ आवृत्तीत तर राजकारणही शिरले: ब्रिटनचे युरोपीय संघातून बाहेर पडणे, म्हणजे ब्रेक्झिट, गेममध्ये आले, त्याचे स्वरूप मवाळ की कठोर, हे प्रत्येक डावात वेगळे ठरे आणि परदेशी खेळाडूंचे नियम त्यानुसार बदलत.

दर वर्षी आवृत्ती काढण्याची ही शिस्त ‘फुटबॉल मॅनेजर 25’पाशी तुटली. युनिटी या नव्या इंजिनावर सगळा गेम हलवायचा आणि महिला फुटबॉलही त्यात आणायचे, अशी योजना होती. प्रकाशन लांबत गेले आणि फेब्रुवारी 2025मध्ये ती आवृत्ती रद्द करण्यात आली. अपुरा गेम विकण्यापेक्षा उत्पन्नाचे एक वर्ष सोडणे हा 2003च्या अनुभवानंतरचा योग्य निर्णय होता. ‘फुटबॉल मॅनेजर 26’ नोव्हेंबर 2025मध्ये आला. प्रीमियर लीगचा अधिकृत परवाना त्याला पहिल्यांदाच मिळाला. पडद्यांच्या नव्या मांडणीवर ही मालिका वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांनी सडकून टीका केली. मालिकेसाठी अधिक मोठी भर मात्र महिला लीगची आहे. तिथल्या हजारो खेळाडूंचे वेग, पासिंग आणि एकाग्रता यांचे आकडे पहिल्यांदाच याच मापाने मोजले गेले. 93च्या आवृत्तीत पुरुष खेळाडूंना खरी नावे मिळाली, तेव्हा सुरू झालेले काम आता महिला खेळाडूंच्या बाबतीत सुरू झाले आहे.