पुडी, पंचनामा आणि दंड

एखाद्या तरुणाच्या खिशात गांजाची पुडी सापडली की घरच्यांच्या डोळ्यांपुढे दीर्घ कारावास उभा राहतो. परंतु १९८५च्या अमली पदार्थविरोधी अधिनियमाने शिक्षेचे सारे गणित मुद्देमालाच्या वजनावर बसविले असल्यामुळे, खटला कोणत्या न्यायालयात चालावा, जामीन सुलभ की दुष्प्राप्य आणि शिक्षेची मर्यादा किती, हे बहुतांशी तराजूच ठरवितो. गांजा एक किलोच्या आत असेल तर ते अल्प प्रमाण आणि वीस किलोच्या वर गेला तर व्यापारी. मेफेड्रोनच्या बाबतीत मात्र याच मर्यादा अवघ्या दोन आणि पन्नास ग्रॅमच्या आहेत. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी असून, आरोपी निर्दोष असावा असे मानण्यास वाजवी कारण आहे अशी न्यायाधीशांची खात्री पटल्यावाचून कलम ३७ जामिनाची वाट मोकळी करीत नाही. अल्प प्रमाणातील गांजाला फार तर एक वर्षाची कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिक्षा इतकी कठोर, म्हणून कार्यपद्धतीही काटेकोर. अंगझडतीपूर्वी, ती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर घेतली जावी हा आपला हक्क आहे, हे आरोपीला सांगणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली बलदेव सिंग खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. मोठ्या खटल्यांत वकिलांची उलटतपासणी म्हणूनच पुष्कळदा एका खाकी पाकिटाभोवती फिरते: लाखेची मोहोर शाबूत होती काय, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या आहेत काय, मुद्देमाल कक्षाच्या नोंदवहीतील वजन आणि प्रयोगशाळेच्या अहवालातील वजन जुळते काय. पंच फितूर झाला आणि मोहोरेचा हिशेब लागला नाही, तर खटला तेथेच डळमळतो.

किरकोळ प्रकरणांत मात्र या साऱ्या संरक्षणांचा उपयोग होण्याची वेळच येत नाही. दंडाधिकाऱ्यांपुढे नाव पुकारले जाते, आरोपी ‘गुन्हा कबूल’ म्हणतो, रोजनाम्यात दोन ओळी पडतात, दंडाची पावती फाडली जाते आणि तारखांच्या फेऱ्यांतून सुटल्याच्या आनंदात तो घरी जातो. ज्याची रोजी बुडते त्याला हा मार्ग सोयीचा वाटावा, हे मी समजू शकतो. परंतु दंड भरला तरी दोषसिद्धी ही दोषसिद्धीच असते, आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ती पुढे येते, ही गोष्ट त्याला त्या क्षणी समजावून सांगणारा कोणी जवळ नसावा, याचे मला फार वैषम्य वाटते. शिवाय ज्या व्यसनापायी तो तेथे आला, ते जसेच्या तसे त्याच्याबरोबर घरी परतते.

वस्तुतः कायद्याने व्यसनाधीनाला आजारी मानून स्वतंत्र तरतूद केलेली आहे. कलम ३९नुसार, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनाधीनास, त्याच्या संमतीने, तात्काळ कारावास न देता शासनमान्य रुग्णालयात उपचारांसाठी सोडता येते. आणि कलम ६४-अनुसार, जो स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करतो, त्याच्यावर अशा गुन्ह्याचा खटलाच चालत नाही. व्यवहारात ही कलमे क्वचितच उच्चारली जातात. दोषसिद्धी टाळायची तर ६४-अचा अर्ज कबुलीपूर्वीच व्हावयास हवा. तेव्हा आरोपीजवळ वकील नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मागण्याची वेळही तीच.