नागपंचमी आणि नागराजाचा चित्रकार

पाटावर गंधाने नाग रेखाटणाऱ्या गृहिणीचे नाव कोणी विचारीत नाही. छापील पानांवर आयुष्य वेचणाऱ्या चित्रकाराचे भाग्यही बहुधा तेच. मराठी चित्रकार प्रताप मुळीक यांचे नाव आज किती घरांत ठाऊक असेल? अनंत पै यांनी १९६७ साली आरंभिलेल्या ‘अमर चित्र कथा’तील देवादिकांच्या कथा व शिवचरित्र त्यांच्या कुंचल्यातून उतरले.

पुढे १९८० च्या दशकात त्याच हाताने अमिताभ बच्चन यांना ‘सुप्रीमो’ या चित्रकथेचा नायक केले. सोबत शाहीन नावाचा ससाणा आणि विजय व अँथनी ही मुले. ही नावेही पडद्यावरचीच! काही भाविकांना हे अवनतीचे वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण हे काम अधिक अवघड होते. देव लक्षणांवरून ओळखावा, धनुष्य दिसले की राम. नटाचा चेहरा मात्र सर्वांच्या परिचयाचा. तो प्रत्येक चौकटीत, प्रत्येक वळणावर तोच दिसावा लागतो. नृत्य जाणल्यावाचून चित्र कळत नाही, असे विष्णुधर्मोत्तरातील मार्कंडेय मुनी वज्रराजाला सांगतात. स्थिर चौकटीत धाव घेणारी आकृती पाहिली की त्याची प्रचीती येते.

१९८६ मध्ये राज कॉमिक्सचा ‘नागराज’ आला, देहात असंख्य नाग बाळगणारा. त्याचे पहिले रूपही मुळीकांचेच. कालांतराने तो अनुपम सिन्हा यांच्या हाती गेला. मुले मात्र दुकानात नागराजच मागत राहिली.